मावशीच्या जबानीपुढची हिरवी खूण

अन्याय झाला तो हर्सूल तलावाकडच्या एका वस्तीतल्या मावशीवर. गेल्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, महापालिकेच्या पाण्याच्या बैठकीत. करणारा मीच.

आमच्या संघटनेची मागणी साधी होती. टँकर मोठ्या रस्त्यावर थांबतो, तो गल्लीत यावा. मोठा वळत नसेल तर छोटा पाठवा. बारा घरांच्या जबान्या मी हातानं लिहून आणल्या होत्या. पत्रक काढताना आमची शिस्त असते: ज्याची जबानी त्याला वाचून दाखवायची, मगच छापायची. पण पाणीपुरवठ्याच्या साहेबांना पीपीटी हवी होती. जबान्यांचे फोटो काढून एआयला दिले, म्हटलं, साहेबांना पटकन कळेल असं कर. दोन मिनिटांत तयार. मी रंग बघितले, अक्षरं मोठी केली. वाचलं? वरवर.

बैठकीत चौथी स्लाइड आली, मावशीची. मावशीनं सांगितलं होतं की टँकर रोज येतो, पण गुडघ्यामुळं तिला रस्त्यापर्यंत जाता येत नाही, शेजारीण देईल तेवढ्यावर ती भागवते. पडद्यावर एवढंच: 'टँकर रोज येतो.' पुढं हिरवी खूण. तिथंच थांबवायला पाहिजे होतं. पण चूक कबूल केली तर बाकीच्या अकरा जबान्याही खोट्या ठरतील, या भीतीनं मी गप्प बसलो.

साहेब म्हणाले, "रोज येतो ना? मग तक्रार कशाची?"

तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. एआयनं अर्धंच घेतलं, असं काहीतरी चाचरत बोललो.

"खाली नाव तुमच्या संघटनेचं आहे," ते म्हणाले. नोंद झाली: पुरवठा नियमित. दुरुस्ती आता पुढच्या बैठकीत.

संध्याकाळी मावशीच्या उंबऱ्यावर बसून तिला ती स्लाइड वाचून दाखवली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"निम्मंच लिवलंस व्हय रं?" ती म्हणाली. "नीट लिवतोस म्हून तर तुला सांगितलं व्हतं."

पुढची बैठक महिन्यानं. तोवर शेजारीण माहेरी गेली तर? आजारी पडली तर? रोज सकाळी शेजारणीला फोन करून विचारतो, मावशीला पाणी मिळालं का.

तुम्हीही अशा चकचकीत स्लाइड बनवून घेता. आजच उघडा. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याच्या दारात जाऊन वाचून दाखवा, आणि तो हो म्हणेपर्यंत ती स्लाइड कुठल्याही साहेबासमोर लावू नका.