काळू गेला ती संध्याकाळ

आज माझ्याकडून डाळ करपली. वास घरभर झाला आणि एकलहऱ्याच्या क्वार्टरमधली ती संध्याकाळ आठवली.

पॉवर हाऊसची ड्युटी करून, अंगावर कोळशाची राख घेऊन मी घरी आलो, तर स्वयंपाकघरात धूर. स्टोव्हवर डाळ जळत होती आणि आमची मंडळी मांडीवर पुस्तक घेऊन हुंदके देत बसलेली. मला वाटलं, तिच्या माहेरचं कोणी गेलं.

"कोण गेलं गं?"

"काळू," ती म्हणाली. "म्हाताऱ्या मालकाच्या पायाशीच जीव सोडला हो त्यानं."

काळू म्हणजे त्या पुस्तकातला कुत्रा. वाचनालयातून ती शोधून शोधून कुत्र्यांचीच पुस्तकं आणायची. हे तर तिनं तिसऱ्यांदा आणलेलं. मरणार हे माहीत असून रडत होती. माझं डोकंच फिरलं.

"मी रोज त्या राखेत मरतो. माझ्यासाठी कधी एवढं रडलीस?"

तिनं पदरानं नाक पुसलं. "तुमच्यासाठी कशाला रडू? धडधाकट उभे आहात की समोर. भुंकताय पण चांगलं."

मी हसलो नाही. दोन दिवस बोललोही नाही. मला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळं त्या कुत्र्यात एवढं काय आहे, ते वाचून बघायचीही सोय नव्हती.

गेल्या वर्षी ती गेली. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. मी काही निवळलो नाही. त्या कागदावरच्या कुत्र्यावर मी तेव्हा जळलो, त्याहून जास्त आज जळतो. तो मेला तेव्हा रडायला ती होती.