गळ्यातली लोकर

पुंजारामकाका साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते आणि स्वेटर विणायचे. दोन्ही कामं एकाच खुर्चीत बसून चालत. उसाच्या गाड्या आत जात, काका मान वर करत नसत. मान हलली तर धागा सैल पडला असता. धागा त्यांच्या मानेभोवतून यायचा.

कारखान्याच्या वसाहतीत, अंकुशनगरला, थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या काही सकाळी. तेवढ्यासाठी काका वर्षभर विणत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते १९९३ च्या मे महिन्यात. पत्र्याच्या शेडखाली, घाम पुसत, ते कानटोपी विणत होते. मी मराठी साहित्य घेऊन बी.ए. झालो होतो आणि नोकरी नव्हती. त्यांना सांगायचं होतं, मला ऐकायला वेळ होता. आमची मैत्री झाली. ते मला बी.ए. म्हणत. नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

काका मिलिटरीत होते. म्हणजे मिलिटरीच्या स्वयंपाकघरात. लढाईबद्दल विचारलं की ते लोकरीबद्दल बोलत. तिथं गोव्याचा एक आचारी होता. त्यानं त्यांना विणायला शिकवलं, आणि त्या दिवसापासून काकांच्या दृष्टीनं जगात तीनच जाती उरल्या. इंग्रज धागा उजव्या हातात धरतो आणि सुईवर फेकतो. जर्मन डाव्या हातात धरतो आणि सुईनं उचलतो. पोर्तुगीज मानेभोवती घेतो आणि अंगठ्याच्या टिचकीनं टाका घालतो. फेकणारा उधळा, उचलणारा चोर, टिचकी मारणारा कलावंत. ही कला अरबांकडून पोर्तुगालला गेली, तिथून गोव्याला, तिथून मिलिटरीच्या भटारखान्यात आणि तिथून अंकुशनगरला. मधल्या कुठल्याच मुक्कामाबद्दल त्यांना शंका नव्हती. मी एकदा औरंगाबादच्या ग्रंथालयात शोधून पाहिलं. निम्मं सापडलं नाही. काका म्हणाले, पुस्तक लिहिणारा उजव्या हातानं विणत असंल.

त्यांचा दुसरा दावा असा होता की नुसतं कापड बघून ते विणणाऱ्याचा हात ओळखतात. कॉलनीतल्या बायका त्यांना पाहून स्वेटर पदराखाली घेत. सुपरवायझरच्या बायकोला त्यांनी भर हळदीकुंकवात सांगितलं होतं की तुमचा हात इंग्रज आहे, पण इंग्रजही असं विणणार न्हाई. पुरुष माणूस हळदीकुंकवात काय करत होता, हे कोणी विचारलं नाही. सवय झाली होती.

या विद्येपायी बेबीनंदाची दोन स्थळं गेली होती. बेबीनंदा त्यांची एकुलती मुलगी, कॉलनीत बालवाडी चालवायची. पहिल्या वेळी काकांनी मुलाच्या अंगातला स्वेटर उलटा करून पाहिला, मुलगा आत असताना. दुसऱ्या वेळी ते पाहुण्यांना लोकरीचा इतिहास सांगत बसले. पाहुण्यांची शेवटची एसटी गेली. ते मुक्कामाला राहिले आणि सकाळी नकार देऊन गेले.

तिसरं स्थळ जुन्या जालन्यातलं होतं. मुलगा देवानंद, प्राथमिक शाळेत मास्तर. बालवाडीच्या एका शिबिरात बेबीनंदानं त्याला पाहिलं होतं. तिनं मला गेटपासून लांब, पाण्याच्या टाकीजवळ गाठलं.

"दादा, हे स्थळ मला पाहिजे. बाबांना सांभाळा."

कसं सांभाळायचं ते तिनं सांगितलं नाही. तिलाही माहीत नसावं.

अडचण एवढीच होती की देवानंदच्या आई, द्वारकाबाई, स्वतः विणत. विणता येत नसंल ती सून करायची न्हाई, असा त्यांचा निरोप होता. बेबीनंदाला विणता येत नव्हतं. वॉचमनच्या घरात ती विद्या फक्त वॉचमनकडे होती. काकांनी तोडगा काढला. स्वतः विणलेला मरून रंगाचा स्वेटर मुलीचा म्हणून ठेवायचा. शिवाय अर्धं विणलेलं एक लहान झबलं, सुया तशाच अडकवून, पलंगावर टाकायचं. जणू पोरगी आत्ताच चहा करायला उठली. तुळजाबाई म्हणजे काकू एवढंच म्हणाल्या, "खोटं तरी गपचूप बोला."

पाहुणे जानेवारीत आले. हवेत कारखान्याच्या मळीचा वास होता. मला मुलीकडची शिकलेली बाजू म्हणून काकांच्या शेजारी बसवलं होतं. पोहे झाले, चहा झाला. काका गप्प होते. मी त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं, मला काळजी वाटली.

द्वारकाबाईंनी मरून स्वेटर मांडीवर घेतला. आतून पाहिला, बाहेरून पाहिला, ताणला. बेबीनंदा दाराशी उभी होती. देवानंद तिच्याकडे पाहत होता, हे सगळ्यांनी पाहिलं. मग बाईंनी झबलं उचललं, टाक्यांवरून बोट फिरवलं आणि पहिल्यांदा हसल्या. मिशनच्या दवाखान्यातल्या एका जर्मन सिस्टरनं त्यांना धागा डाव्या हातात धरून विणायला शिकवलं होतं, असं म्हणाल्या. इतका सारखा टाका दुसऱ्या कुठल्या हातानं पडतच न्हाई.

"आमचाच हात आहे. बिलकुल जर्मन. पोरगी पसंत आहे आम्हाला."

काकूंनी देवापुढं ठेवायला साखर आणली. बेबीनंदानं मान खाली घातली. झालं होतं. लग्न ठरलं होतं.

काकांची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. मी त्यांचा पाय दाबला. त्यांनी पाय काढून घेतला.

"जर्मन न्हाई," काका म्हणाले.

बाईंना वाटलं, विनोद आहे. काकांनी झबलं त्यांच्या हातातून घेतलं, लोकर मानेभोवती टाकली आणि विणायला लागले. अंगठा टिचक्या मारत होता. ओळ सरसर पुढं चालली होती. पोर्तुगाल आलं, गोवा आलं, आचारी आला. जर्मन माणसाला असा टाका जन्मात घालता येणार न्हाई, असंही ते म्हणाले. मी साहित्याचा पदवीधर. मी पोह्यांच्या रिकाम्या बशा गोळा करायला लागलो.

बाईंनी ओळ पुरी होऊ दिली.

"म्हणजे हे तुम्ही विणलं?"

"मंग दुसरं कोण विणणार?" काका अभिमानानं म्हणाले. आपण काय बोललो ते त्यांना काकूंनी कपाळाला हात लावला तेव्हा कळलं.

"मंग पोराचं लगीन तुमच्यासंगंच लावून टाकते," द्वारकाबाई म्हणाल्या. "हळद कधी लावायची?"

देवानंदला ठसका लागला. काका माझ्याकडे पाहत होते. शिकलेली बाजू भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होती.

बेबीनंदा दारातून पुढं आली.

"मला विणता येत न्हाई, मावशी. लहानपणापासून बाबा विणून राह्यले अन् मी त्यांच्या लोकरीचे गुंडे धरून राह्यले. शिकायची इच्छाच मेली. मी बालवाडी चालवते, ती बराबर चालवते. तेवढंच सांगायचं होतं मला. बाबांनी सांगू दिलं न्हाई."

काकूंनी साखरेची वाटी खाली ठेवली.

द्वारकाबाई उठल्या. मला वाटलं, तिसरं स्थळही गेलं. त्यांनी मरून स्वेटर घडी करून काकांच्या मांडीवर ठेवला.

"खोटं बापानं बोललं. बापाला काय मला नांदवायचं न्हाई," त्या म्हणाल्या. "पोरगी चालंल. पण एक सांगते. रुखवतात जेवढं लोकरीचं असंल, त्याच्यावर ज्याचं त्याचं नाव पाहिजे."

काकांना ही शिक्षा आहे हे कळलंच नाही. ते एप्रिलपर्यंत विणत राहिले.

लग्नात रुखवताचं टेबल लोकरीनं भरलं होतं. कानटोप्या, मोजे, टीव्हीचं कव्हर. इतर मुलींच्या रुखवतावर 'वधूची हस्तकला' अशी पाटी असते. इथं पाटी होती, 'वधूपित्याची हस्तकला, पोर्तुगीज पद्धत'. अक्षर माझं होतं. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. काका टेबलाशी उभे होते. उन्हानं मंडप तापला होता आणि ते गळ्यात लोकर घालून त्याच अर्ध्या झबल्यावर प्रात्यक्षिक दाखवत होते. मंगलाष्टकांना त्यांना ओढून न्यावं लागलं. अक्षता टाकून ते परत टेबलाशी आले.

पाठवणीची वेळ झाली. जीप सुरू होती. बेबीनंदा काकूंच्या गळ्यात पडून रडली, मग बापाला शोधायला लागली. मी तिला टेबलाकडे नेलं. काका लग्नाच्या एका आचाऱ्याला अंगठा कसा हलवायचा ते शिकवत होते.

"बाबा, निघाले मी."

"थांब, एवढी ओळ होऊ दे," काका म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. धागा सैल पडला असता.

ती थांबली. जीपचा हॉर्न वाजला. अंगठा चालत होता, पण टाके पडत नव्हते. सुई त्याच टाक्यात पुन्हा पुन्हा जात होती. मला ते दिसलं. द्वारकाबाईंनाही दिसलं असावं, कारण त्या विहीणबाईंच्या मानानं न येता भराभर चालत आल्या, त्यांनी काकांच्या मानेवरून लोकर काढली आणि सुया हातातून घेतल्या.

"जा. पोरगी चालली. ओळ मी करते."

काका जीपपर्यंत गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. द्वारकाबाईंनी उभ्या उभ्या, डाव्या हातानं, ओळ पुरी केली आणि मगच जीपमध्ये बसल्या.

ते झबलं काकांनी नंतर पुरं केलं, पण ती ओळ उसवली नाही. ती जरा आवळलेली आहे, लांबूनही दिसते. गेटवर नवा माणूस आला की काका त्याला झबलं दाखवतात आणि त्या ओळीवर बोट ठेवतात.

"हे बघा," ते म्हणतात. "जर्मन हात. चोरून घेतलेला टाका."