पतंगाच्या मुलाची आई

इंग्रजी सिनेमाला जायचं ठरलं की आमच्या मल्लेश्वरमच्या घरातल्या बायका मला मधल्या खुर्चीवर बसवायच्या. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला काकू आणि आईच्या पलीकडे माझा धाकटा भाऊ. मी कॉन्व्हेंटात शिकत होते. त्यामुळे पडद्यावर जे काय बोललं जाईल ते मी दबक्या आवाजात मराठीत सांगायचं, अशी घरात रीतच पडून गेली होती. मला ती कामगिरी मनापासून आवडायची, कारण तेवढा वेळ मोठी माणसं माझ्या तोंडाकडे बघत. काय सांगायचं आणि काय गाळायचं तेही मीच ठरवायचे. पडद्यावर कुणी कुणाला जवळ घेतलं की "हे नवराबायको आहेत" असं मी जाहीर करून टाकायचे. एका सिनेमात मी नायिकेची दोन लग्नं लावून दिली होती आणि आईला जराही शंका आली नव्हती.

साठ साल उलटून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. आदल्या पावसाळ्यात काकूचा मुलगा विषमज्वरानं गेला होता. नऊ वर्षांचा होता, माझ्या भावाच्या बरोबरीचा. वर्षभर आमच्याकडे सण झाला नाही. काकू घरातलं सगळं करायची, पहाटे उठायची, भाज्या चिरायची, कपडे धुवायची, पण बोलायची नाही. काही विचारलं तर "सरी", म्हणजे "बरं", एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची. मुलाचं नाव कुणी काढत नसे. माझा भाऊ खेळून धापा टाकत घरात शिरला की आई त्याला परसात पिटाळायची, काकूच्या समोर नको म्हणून. सगळं घर तिच्याभोवती चवड्यांवर चालत होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा वीट आला होता.

वर्षश्राद्ध झालं आणि थोड्याच दिवसांत कँटोन्मेंटमधल्या एका थिएटरात तो सिनेमा लागला. मुलांचं जुनं, गाजलेलं इंग्रजी पुस्तक होतं, त्यावर नव्यानं काढलेला रंगीत सिनेमा. शाळेत सगळ्या मुली त्याच्याबद्दल बोलत होत्या. आईनं वर्तमानपत्रातलं चित्र पाहिलं. पतंगाला लोंबकळणारा एक हसरा मुलगा, खाली हिरवं गाव. "लेकरांचा सिनेमा आहे," ती काकूला म्हणाली, "चल ना, स्वल्प बरं वाटेल." काकूनं चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि चक्क "येते, अक्का" म्हणाली.

आई आनंदानं वेडी व्हायची बाकी होती. मला मात्र धसका बसला. ते पुस्तक मी शाळेच्या लायब्ररीतून आणून वाचलं होतं. त्यातल्या मुलाला त्याचा पतंग उचलून ढगांच्या देशात नेतो. तिथली माणसं पाऊस विणत असतात. मुलगा त्यांच्यातलाच एक होऊन जातो आणि परत येत नाही. कधीच नाही. वाचताना मला तो शेवट फार सुंदर वाटला होता. आता तोच शेवट काकूच्या शेजारी बसून कसा सांगायचा?

मी स्वयंपाकघरात आईला गाठलं.

"आई, त्या गोष्टीत ना, तो मुलगा..."

"नाट लावू नकोस हं," आई म्हणाली. "वर्षानं ती कुठे हो म्हणालीय. तुला जायचं नसेल तर राहा घरी."

मी घरी राहिले तर सांगणार कोण? म्हणून गप्प बसले. चार दिवस मी मनातल्या मनात एकच गोष्ट घोकत होते. शेवट आला की सांगायचं, मुलगा बोर्डिंगच्या शाळेत गेला, सुट्टीत येणार आहे. बाकी लोक काय बघतील ते बघोत. काकूला इंग्रजी येत नाही, आणि आजवर माझं सांगणं कुणी तपासलं नव्हतं.

शनिवारच्या दुपारच्या खेळाला थिएटर पोरांनी फुटत होतं. मागे खुर्च्यांवर कँटोन्मेंटमधली फ्रॉक-टोप्यांची कुटुंबं, पुढे बाकांवर शिट्ट्या मारणारी मंडळी. पतंगानं मुलाला जमिनीवरून उचललं तेव्हा बाकांवरून जो आरडाओरडा झाला त्यात माझी दोन वाक्यं बुडाली. माझा भाऊ खुर्चीवर उभा राहिला. आईनं त्याला खाली ओढलं आणि लगेच काकूकडे पाहिलं. काकूच्या तोंडावर पडद्याचा निळा-हिरवा उजेड पडला होता आणि ती पापणी न हलवता बघत होती.

"आईला सांगून गेला का?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

पडद्यावर मुलाची आई अंगणात धावत होती, त्याला हाका मारत. काकू माझ्याकडे वळली.

"नाही गेला सांगून. ती बघ, शोधतेय. तू नीट सांग."

इतक्या वर्षांत मला कुणी असं पकडलं नव्हतं. त्यानंतर मी एकही शब्द बदलला नाही. पण प्रत्येक वाक्य उच्चारायच्या आधी मी ते मनात चाचपून बघत होते, आणि तोवर पडदा पुढे गेलेला असायचा. मध्यंतरात आईनं शेंगदाणे घेतले. काकूनं पुडी हातात धरून ठेवली. "वर त्याला कोण जेवायला घालतं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, ढगांतल्या बायका घालतात. हे पुस्तकात होतं. तिनं मान हलवली, जणू हीच एक गोष्ट तिला पटली. मला तिथून उठून पळून जावंसं वाटत होतं. आईला बाजूला घेऊन सगळं सांगावं, डोकं दुखतंय म्हणून घरी चला म्हणावं, असं काय काय मनात आलं, पण घंटा झाली आणि आम्ही आत गेलो.

दुसऱ्या भागात पुस्तकात नसलेलं बरंच काही होतं. एक बोलका कुत्रा होता, तीन गाणी होती. पोरं गाण्यांवर टाळ्या वाजवत होती. मला एकही गाणं ऐकू येत नव्हतं. ढगांच्या राजानं मुलाला विचारलं, इथे राहतोस की जातोस? पुस्तकात याच ठिकाणी मुलगा खाली बघतो, आणि मग विणायला बसतो. बोर्डिंगच्या शाळेचं वाक्य तोंडाशी आलं होतं, पण काकूनं माझं मनगट धरलं होतं आणि ती माझ्याकडे नाही, पडद्याकडे बघत होती. खोटं बोलायची सोयच राहिली नव्हती.

आणि मुलगा म्हणाला, मला घरी जायचंय.

मी ते मराठीत सांगायचंच विसरले. पतंग खाली आला, मुलगा गवताच्या गंजीवर पडला, आई धावत आली, तिनं त्याला उचलून गरगर फिरवलं. अख्खं थिएटर उठून टाळ्या पिटायला लागलं. आमच्या आईनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू म्हणतेय, उगाच घाबरवत होतीस. माझा जीव भांड्यात पडला. सिनेमा काढणाऱ्यांना मी मनोमन लाख आशीर्वाद दिले.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या टोपीवाल्या म्हाताऱ्या बाई आपल्या नातवंडांना मोठ्यानं म्हणाल्या, पुस्तकात असं नाहीच, सत्यानाश केला गोष्टीचा. एक चष्मेवाला मुलगाही जोरजोरात मान हलवत "चीटिंग, चीटिंग" म्हणायला लागला. दुसऱ्या कुणीतरी त्याला गप्प केलं. हे सगळं काकूच्या कानामागेच चाललं होतं.

"काय म्हणतायत त्या?"

"टोपी सापडत नाही म्हणतायत," मी म्हटलं. टोपी त्यांच्या डोक्यावर होती.

घरी जाताना घोड्याच्या जटक्यात आई आणि भाऊ पुढे तोंड करून बसले, मी आणि काकू मागे, पाय बाहेर सोडून. भाऊ कुत्र्याचं गाणं म्हणत होता आणि आज पहिल्यांदाच आई त्याला गप्प करत नव्हती. माणसांनी भरलेला रस्ता आमच्यापासून मागे मागे जात होता. काकूच्या मांडीवर शेंगदाण्यांची पुडी तशीच होती. तिचं हे गप्प बसणं नेहमीचं नव्हतं, आणि मला पुन्हा भीती वाटायला लागली. आनंदाचा शेवट झाला होता, मग हिचं तोंड असं का?

"पुस्तकात येत नाही ना तो?" तिनं विचारलं. 'बुक' एवढा शब्द तिला कळत होता, आणि त्या बाईंच्या डोक्यावरची टोपीही तिनं पाहिली होती.

आईनं ते ऐकलं असावं. तिनं पाठीमागून माझ्या दंडाला करकचून चिमटा काढला. मला कळलं, हो म्हण, येतो म्हण. मी काकूकडे पाहिलं. तिच्यासमोर आता मला काही बनवून सांगता येईना.

"नाही," मी म्हटलं. "तिथेच राहतो."

"वाटलंच मला," काकू म्हणाली. रडली नाही. "आणि मग त्याची आई?"

"आई म्हणजे?"

"तो तिथे राहतो. मग ती काय करते? पुढे लिहिलं असेल ना."

मी आठवायला लागले. शेवटचं पान मला जवळजवळ पाठ होतं. त्यात ढग होते, पाऊस विणणारे हात होते, हसणारा मुलगा होता. आई नव्हती. ती आधीच्या कुठल्यातरी पानावर अंगणात हाका मारत राहिली होती आणि तिला तिथेच सोडून गोष्ट वर निघून गेली होती. पुस्तक वाचून मी इतकी भारावले होते, पण हा प्रश्न मला पडला नव्हता. मला एकदम त्या लिहिणाऱ्याचा राग आला.

"काही लिहिलेलं नाही, काकू," मी म्हटलं.

भावाचं गाणं थांबलं होतं. आई मान वळवून बघत होती, तिचा हात अजून माझ्या दंडावर होता.

काकूनं पुडी उघडली, एक शेंगदाणा सोलला आणि मागे हात करून माझ्या भावाच्या तोंडाशी धरला.

"मी सांगते ना काय करते ते," ती म्हणाली. "पहाटे उठते. दोघांचं पीठ भिजवते. मग आठवतं, तेव्हा अर्धं काढून ठेवते."

मग तिनं आपल्या मुलाचं नाव घेतलं, वर्षानं पहिल्यांदा, आणि म्हणाली की त्याला पतंग कधी नीट उडवता यायचा नाही.