कीबोर्डचं लग्न

आधी माफी मागतो. लिहिणाऱ्या माणसांच्या घरात पुस्तकं असतात असं मी ऐकून आहे. आमच्या घरात कालनिर्णयासारखं एक कॅलेंडर आणि माझी डिप्लोमाची पुस्तकं, एवढंच छापील. वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच, तेव्हा कुणाबद्दल काही लिहायला बसणं हा तसा आगाऊपणा. पण दादांबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही. शिवाय त्यात एक चूक माझी आहे, ती सांगून टाकलेली बरी.

दादांच्या हातात कुठलाही प्लग आला की ते आधी त्यावर फुंकर मारत, मग तो कपाळाला लावत आणि मगच खोचत. प्लग इस्त्रीचा असो की क्रेनचा. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, पण इस्त्री गरम झाल्यावर तिला "शाबास" म्हणणारा मी तरी दुसरा पाहिला नाही.

ते दिवाळे गावचे कोळी, न्हावा शेवाच्या बंदरात इलेक्ट्रिशियन. लग्नाच्या दिवसांत हळदीच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवत. सगळं जग त्यांना दादा म्हणे, म्हणून मीही. कुठं काही बिघडलं की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे : "वायर खोटं बोलत नाय. मानूस बोलतो."

मी नेरूळच्या एका कॉम्प्युटर क्लासात संध्याकाळी शिकवत असे. एके दिवशी दादा गोधडीत गुंडाळलेला कीबोर्ड तान्ह्या मुलासारखा घेऊन आले. बंदरातल्या एका ऑफिसनं काढून टाकलेला कॉम्प्युटर त्यांनी घरी आणून दुरुस्त केला होता आणि त्यात साउंड कार्डही बसवलं होतं. आता कीबोर्ड त्याला जोडून गाणी साठवायची होती. "इंजिनेर, हे येतं ना तुला?"

मला येत नव्हतं. पण माझे वडील बाजारात सगळ्यांना सांगत, की आमच्या पोराला कॉम्प्युटरमधलं सगळं येतं. त्यामुळे "येत नाही" हे दोन शब्द माझ्या तोंडून सहसा निघत नसत. मी म्हणालो, "येतं की."

घाईचं कारण नंतर कळलं. दादांची आई गावातली शेवटची धवलारीण. आपल्यापैकी सगळ्यांनाच हे माहीत नसेल म्हणून सांगतो : इकडे लग्नाच्या मांडवात धवले गातात, आणि ते गाऊन लग्नातले विधी करवणारी बाई म्हणजे धवलारीण. तिच्या गळ्यात गाठ आली होती. महिनाभरानं ऑपरेशन ठरलं होतं आणि नंतर आवाज राहील की नाही, हे डॉक्टर सांगू शकत नव्हते. पुढच्या वर्षी दादांच्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. नातीच्या मांडवात आजीचा धवला हवा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मग सरळ टेपवर का घेत नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, खाडीच्या हवेत कॅसेटला बुरशी येते, त्यांच्या तीन गेल्या. कॉम्प्युटरला बुरशी येत नाही. मला हे पटलं.

त्यांच्या घरी आम्ही नऊ दिवस झटलो. कीबोर्डच्या मागं दोन गोल भोकं होती, एकावर 'इन' आणि दुसऱ्यावर 'आऊट'. साउंड कार्डातून निघालेल्या वायरीच्या टोकांनाही दोन गोल प्लग होते, तेही 'इन' आणि 'आऊट'. कुठल्याही शहाण्या माणसाप्रमाणे आम्ही इनमध्ये इन घातला आणि आऊटमध्ये आऊट. कॉम्प्युटर ढिम्म. दादांनी मीटर लावून वायर तपासली, सोल्डरचे टाके उसवून पुन्हा डाग दिले, इतकी फुंकर मारली की त्यांना चक्कर आली. वायर खोटं बोलत नव्हती, तेव्हा खोटं बोलणारा माणूस कोण या विचारानं ते अधूनमधून माझ्याकडे बघत.

दहाव्या दिवशी दादांच्या आयेनं विचारलं, काय चाललंय. दादांनी सांगितलं, तुझा धवला यात घ्यायचा आहे. ती म्हणाली, लग्नाशिवाय धवला गात नाहीत. दादांनी गळ घातली. ती ऐकेना. शेवटी तिनं टेबलाकडं नीट बघितलं.

"या दोगांना जोडताव ना? मंग ह्यांचंच लगीन लावा."

पुढची पाच मिनिटं नवरा कोण आणि नवरी कोण यात गेली. आयेनं निकाल दिला : कीबोर्ड गातो, म्हणून ती नवरी. कॉम्प्युटर नुसता फुगून बसतो, तोंड उघडत नाही, म्हणून तो नवरा. मग तिनं दोन्ही भोकांवर काय लिहिलंय ते विचारलं. दादांनी अर्थ सांगितला आणि आम्ही काय कशात घातलंय तेही दाखवलं. ती कपाळावर हात मारून हसायला लागली.

"पोर एका घरातून भायेर पडते नि दुसऱ्या घरात आत जाते. तुमी भायेरच्या दाराला भायेरचं दार लावून बसलाव. आत जानार कोन?"

दादांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. मग त्यांनी प्लग उलटे केले, फुंकर, कपाळ, आणि एक पट्टी दाबली. पडद्यावर एक बारीक रेघ उमटली. नऊ दिवसांचं माझं शिक्षण त्या रेघेत गेलं.

रविवारी लग्न लागलं. मॉनिटरला मुंडावळ्या बांधल्या होत्या. आये कीबोर्डला हळद लावायला निघाली तेव्हा दादा "आये, आत सर्किट हाय" म्हणत मध्ये पडले. मग एका कोपऱ्याला बोट टेकवण्यावर तडजोड झाली. रेकॉर्डिंगमध्ये दुसरा आवाज येऊ नये म्हणून दादांनी सकाळपासून आळी गप्प केली होती. पंखे बंद. शेजारणींची मासळीवरची भांडणं बंद. बोंबील वाळत होते तिथे कावळे हाकायला त्यांचा मेहुणा बसला, तोही तोंडानं आवाज न करता नुसते हात हलवत. त्यांच्या चुलतभावाची होडी मासळीसकट खाडीत थांबवून ठेवली होती, कारण तिचं इंजिन धडधडे. घरातला टेपरेकॉर्डर गुणगुणतो म्हणून त्याची पिन दादांनी स्वतःच्या हातानं उपसली.

आये गायली. दादा तिच्या आवाजामागून कीबोर्डवर चालत गेले. मध्येच तिला ठसका लागला. तिनं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं, श्वास घेतला. तोवर दादा बोटं वर उचलून थांबले. मग दोघं पुढं निघाले.

संपल्यावर मी ते पुन्हा लावलं. दादांची बोटं जशीच्या तशी वाजली. आयेचा आवाज नव्हता.

आम्ही पुन्हा लावलं. नव्हता. खोलीत माइकच नव्हता. त्या वायरीतून आवाज जातच नाही. जाते ती फक्त खबर, कुठली पट्टी दाबली, किती जोरात, किती वेळ. साउंड कार्डाच्या मॅन्युअलात हे पहिल्याच पानावर होतं. इंग्रजी जड होतं म्हणून ते पान मी सोडलं होतं. आळीनं खुशाल भांडायला हरकत नव्हती. कॉम्प्युटरला कान नव्हते.

मी आयेला म्हणालो, पुन्हा गाल का, आपण टेप लावू. ती म्हणाली, एका लग्नाचा धवला दोनदा नाही गात, नवरीला बाधतं. आणि हळदीच्या बोटानं तिनं कीबोर्डकडं असं दाखवलं, की वाद घालायची सोय उरली नाही. दादांनी बाहेर जाऊन होडीला यायची खूण केली.

ते परत आले तेव्हा मला काहीतरी भरपाई करायची होती. मधला तो ठसक्याचा रिकामा भाग कापता येतो, असं मी सांगितलं. चाल सलग होईल.

"नको कापू," दादा म्हणाले. "तितं आये हाय."

ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि आवाजही गेला. राहिली ती कुजबुज. मी डिग्रीला पुण्याला आलो. त्या धवल्याची एक फ्लॉपी दादांनी मला दिली होती, पण हॉस्टेलवर साउंड कार्ड नव्हतं. मुलीच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा माझी परीक्षा होती. मी गेलो नाही. नंतर जाऊ, असं म्हणत राहिलो.

गेल्या आठवड्यात दादांच्या मुलीचं अंतर्देशीय आलं. ते आधी नेरूळच्या क्लासात, मग आमच्या घरी, असं फिरत आलं होतं. तिनं लिहिलंय की दादा दोन महिन्यांपूर्वी गेले, कामावरच, छातीत कळ येऊन. लग्न मात्र त्यांनी मनासारखं बघितलं. मांडवात कॉम्प्युटर आणला होता. आजीनं कुजबुजत शब्द सांगितले आणि आळीतल्या बायका कीबोर्डच्या चालीवर गायल्या. आता गावात दुसऱ्या लग्नांतही त्याच गातात, कॉम्प्युटरशिवाय. धवल्याच्या मध्ये एका जागी सगळ्या थांबतात, पान एका गालातून दुसऱ्या गालात सारतात आणि मगच पुढं जातात. ज्या पान खात नाहीत, त्याही गाल हलवतात. नव्या सुनांना सांगतात, इथं थांबायचं असतं.