कागदातून बाण

चौलच्या वाडीत आमच्याबरोबर टोकांना चाकं असलेल्या कंपाऊंड धनुष्याचा सराव करणाऱ्या एक बाई कुणाचंही धनुष्य हातात घेतलं की आधी ताणलेल्या कागदातून बाण मारायच्या. कागद आडवा फाटला, म्हणजे बाण तिरका जातोय, तर बाण टेकायचा रेस्ट किंचित सरकवून पुन्हा मारायच्या. भोक गोल पडेपर्यंत कुणाशी बोलायच्या नाहीत.

जिल्हा स्पर्धेच्या सकाळी त्यांच्या तोडीच्या एका मुलीचे बाण सारखे डावीकडे जात होते. बाई स्वतःचा सराव सोडून तिचं धनुष्य नीट करायला निघाल्या.

"अहो, ती तुम्हालाच हरवेल," मी वैतागून म्हटलं.

"हरवू दे की. बिघडलेल्या धनुष्याला हरवून मला काय मिळनार हाय?"

अंतिम फेरीत त्या मुलीने त्यांना चांगलंच दमवलं. शेवटच्या बाणावर बाई जिंकल्या आणि घाम पुसत मला म्हणाल्या, "आता कसं, जिंकल्यासारखं वाटतंय!"