हरभऱ्याएवढी गाठ

१२ फेब्रुवारी २०२५, बुधवार. आठव्या दिवशी नळाला पाणी आले. मनकर्णाबाईंना घेऊन क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यात गेले. त्यांच्या उजव्या मनगटातल्या गाठीचा एमआरआय पाहून डॉक्टर म्हणाल्या, ट्यूमर आहे, पण साधा आहे. म्हणजे काय, ते मला नीट कळले नाही.

एवढे लिहून अनसूयाबाईंनी वही मिटली. स्वयंपाकघरात मनकर्णाबाई डाव्या हाताने कोथिंबीर निवडत होत्या. शेंद्र्याहून येऊन बावीस वर्षे त्या या घरात भाकरी थापत होत्या. गेल्या आठवड्यात त्यांच्या उजव्या हाताची बोटे तापल्या तव्याला टेकली, आणि ते त्यांना वासावरून कळले.

"बाई, डॉक्टरीन ट्यूमर म्हनली न् कॅन्सर नाय म्हनली. यातलं खरं कोनतं?"

"दोन्ही, असं त्यांचं म्हणणं."

"मंग काढायची कशाला? गाठीला चाकू लागला की ती पसरती. आमच्या भावकीत झालंय तसं."

अनसूयाबाई डॉक्टरांचे बोलणे आठवू लागल्या. विजेच्या तारेवर रबर असते तसे नर्व्हवर, म्हणजे मज्जातंतूवर, आवरण असते. गाठ त्या आवरणाच्या पेशींची. ती शेजारी शिरत नाही. नर्व्ह सांभाळून गाठ तेवढी सोलून काढायची. उशीर केला तर बोटांची जाणीव आणखी जाईल. ऐकताना पटले होते. आता मात्र साध्या गाठीला इतके भारी नाव का, तेच कळेना. डॉक्टरांनी विचारले होते, सुरुवातीला केवढी होती? ते दोघींनाही आठवले नव्हते.

"सगळं त्या कासारानं केलं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुमच्या लेकीच्या, अश्लेषाताईच्या लग्नात बांगड्या भरताना मनगट दाबदाबून."

तेव्हापासून त्या उजव्या हातात बांगडी घालत नव्हत्या, आणि कासार दिसला की तोंड फिरवत.

अनसूयाबाईंनी कपाटातून त्या लग्नाच्या वर्षाची, २०१५ ची वही काढली. डिसेंबरच्या पानावर होते: 'कासार हात धरताच मनकर्णाबाई म्हणाल्या, हळू, तिथं हरभऱ्याएवढं कायतरी हाय. दाबल्यावर त्यांच्या बोटात करंट आला.'

"मी असं म्हनले?"

"तुमचेच शब्द."

मनकर्णाबाईंनी मनगटावरची गाठ चाचपली. "म्हंजी आधीचीच व्हय. उगं त्या म्हाताऱ्याला शिव्या घातल्या." मग म्हणाल्या, "हरभऱ्याचं बोर व्हायला नऊ वर्षं. पसरनारी गाठ इतकी आळशी नसती ना, बाई?"

अनसूयाबाईंनी फोन लावला आणि ते पान डॉक्टरांना वाचून दाखवले. डॉक्टर म्हणाल्या, "इतकी हळू वाढली, हे चांगलं लक्षण. काढल्यावर तपासायला पाठवूच. वही घेऊन या."

"होळीच्या पोळ्या झाल्या की काढा म्हनावं," मनकर्णाबाई आतून म्हणाल्या. "न् तुमी सोबत राहा. मला तिचं बोलनं कळत नाय."

"मला तरी कुठं कळतं?"

संध्याकाळी अनसूयाबाईंनी सकाळच्या नोंदीखाली लिहिले: भाकरी मनकर्णाबाईंनी थापल्या. तव्यावर मी टाकल्या.