दर सांगताना

ठाकुर्लीला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहणारे गृहस्थ कारखान्यांना सुरक्षेचा सल्ला देतात. तापलेल्या बॉयलरजवळ बिनधास्त उभे राहतात म्हणे, पण स्वतःची फी सांगायची वेळ आली की त्यांना घाम फुटतो. ऐकणारा जरा गप्प झाला की लगेच म्हणतात, "जमत नसेल तर कमी करू."

घोडबंदर रोडच्या एका कंपनीचं काम ते सहा वर्षं एकाच दराने करत होते. घर मुख्यतः त्यावरच चालायचं. यंदा करार पुन्हा व्हायचा होता, तेव्हा एका सकाळी ते आमच्याकडे आले.

"वहिनी, इथून फोन करू? घरी नको. बायकोला माझा आवाज लगेच कळतो."

स्पीकर लावून त्यांनी नवा दर सांगितला. पलीकडे शांतता. त्यांचे ओठ हलले, तशी त्यांनी मूठ तोंडावर दाबून धरली.

"ठीक आहे सर, पण मग तीन वर्षं हाच दर," कंपनीचे साहेब म्हणाले.

"नाही." त्यांनी डोळे मिटून घेतले. "दर वर्षी वाढवावा लागेल."

"विचार करून कळवतो."

फोन बंद झाल्यावर ते म्हणाले, "गेलं काम."

चार दिवस ते येता-जाता मोबाइल तपासत राहिले. पाचव्या दिवशी आमच्याकडे आले आणि मोबाइल माझ्या हातात देऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "मेल आलाय. तुम्हीच वाचा."

कंपनीने सगळं मान्य केलं होतं. मी दोनदा वाचून दाखवलं. ते हसले, खुर्चीत बसले, आणि हळूहळू त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे वहिनी, आता दर वर्षी हे सांगावं लागणार."